ताईच्या विहिरीचं ऊन पाणी

माझी नोकरी जमिनीखालची उष्णता शोधण्याची होती, आणि हे मी आमच्या कारंजाच्या घरात कुणालाही धड समजावून सांगू शकलो नाही. आई म्हणायची, "वरतून काय कमी तपते, का खालून अजून काढून राह्यले तुम्ही?" मे महिन्यात कारंजाच्या बसस्टँडवर दहा मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. त्यात मी वाळवंटात कामाला होतो आणि बॅगेत दोन जाड स्वेटर, कानटोपी आणि लोकरीचे मोजे. लडाखचं वाळवंट थंड असतं, तिथं पाऊस पडत नाही, झाड म्हणून दिसत नाही आणि जूनमध्येही पहाटे बादलीतलं पाणी गोठतं, हे सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं. शेजारणींना मात्र ती मी उंटावरून फिरतो असंच सांगत राहिली.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. लडाखात आमचा तळ होता त्या खोऱ्यात जमिनीतून उकळत्या पाण्याचे झरे फुटत. त्याखाली किती वाफ आहे, तिच्यावर वीज निघेल का, हे सरकारला बघायचं होतं. म्हणून आम्ही बोअर खोदत होतो. माझं काम सगळ्यात साधं आणि सगळ्यात कंटाळवाणं: खुणा केलेल्या तारेला थर्मामीटर बांधून तो बोअरमध्ये सोडायचा, तळाला टेकला की बसून राहायचं. घाई करून ओढला तर तो तळाचं काही सांगत नाही, वाटेतलंच काहीतरी सांगतो. आमचे साहेब तोंडाने फार तिखट होते. बोअरपाशी बसून मी आधीच अंदाजाचा आकडा वहीत टाकला, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि पान टराटरा फाडलं. "तुझ्या डोक्यातला आकडा मला नको. तो मी घरी बसूनही काढला असता," म्हणाले.

तिथं एक मेंढ्या राखणारी म्हातारी होती. आमच्या हमालाला तिनं सांगितलं की बर्फ पडलं की तिच्या मेंढ्या लांबच्या एका ओढ्याकाठी जाऊन बसतात, दुसरीकडे बसत नाहीत. आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला पाठवलं. त्या विरळ हवेत चार पावलं टाकली की धाप लागायची, तरी जाऊन-येऊन पूर्ण दिवस घालवला. ओढ्याकाठी हातभर उकरलं तर माती चक्क कोमट. साहेबांनी नोंदवहीत ती जागा लिहिली आणि वर लिहिलं, माहिती देणार: मेंढपाळ बाई.

ही गोष्ट मला फार आवडायची. सुटीवर आलो की ज्याला त्याला रंगवून सांगायचो. ताईच्या सासरीही सांगितली. खरं तर त्या दिवशी ती सांगितली नसती तर पुढचं काही झालंच नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. गोष्टीचा काही दोष नव्हता.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला खोटं बोलता येत नसे. हा तिचा गुण म्हणून सांगत नाही, लहानपणी मला त्याचा फार त्रास व्हायचा. मी कैऱ्या चोरायच्या, वडिलांनी विचारायचं आणि हिनं सगळं सांगून मोकळं व्हायचं, अगदी स्वतः किती खाल्ल्या त्यासकट. मार दोघांनाही पडायचा.

तिचं सासर वडनेरजवळ. घरात सासू, ताईचा नवरा आणि शेताकडे कधी न फिरकणारा धाकटा दीर. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात. हे भाटवे हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून, सकाळच्या एसटीनं जायचे ते दिवेलागणीला यायचे. शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलेलं. गावातल्या विहिरीचं पाणी खारट, म्हणून घरचं प्यायचं पाणी शेतातल्या विहिरीवरून यायचं. ती विहीर गारव्यासाठी प्रसिद्ध होती. सासू सांगायची, "मी नवी नवरी होती तवा त्या इहिरीचं पाणी पेलं का दात शिवशिवे." दुष्काळाच्या सालात ती कोरडी पडली. सासऱ्यांनी हिकमत करून तिच्या तळात बोअर मारला, पाणी लागलं, आणि त्या समाधानात त्याच हिवाळ्यात ते गेले. सासूचे गुडघे त्यानंतर धरले ते धरलेच. ती पुन्हा शेतात गेली नाही. ताई त्या घरात आली ती त्यानंतर लगेचच.

म्हणजे गार पाणी सासूनं पाहिलेलं, आणि आता जे येतं ते फक्त ताईनं पाहिलेलं.

ताई दिवस उगवायच्या आत पाण्याचा पितळी गुंड डोक्यावर घेऊन जायची. तिनं आणलेलं पाणी उन्हाळ्यात कोमट असायचं. सासूनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ही सहज बोलून गेली, "पाणीच ऊन येते, आई." आमच्या भाषेत कोमट पाणी म्हणजे ऊन पाणी, आणि सूर्याचं ऊन म्हणजेही ऊनच. सासूनं त्या शब्दाला धरलं. पाणी ऊन आहे म्हणजे त्याला ऊन लागलं आहे. पण ही जाते तेव्हा सूर्य उगवलेला नसतो. मग ऊन लागलेलं पाणी पहाटे कुठं मिळणार? विहिरीच्या अलीकडे, वाटेवर, बैलांचा दगडी हौद होता. दिवसभर तापायचा, रात्रभर तो ताप धरून ठेवायचा. तिथं वाकून गुंड भरला की पन्नास हात दोर ओढायला नको. सासूचा हिशेब अगदी चोख होता. सून हौदातलं, बैलांनी तोंड घातलेलं पाणी आणते आणि तेच देवाला घालते, तेच मला पाजते.

बटईदाराला विचारलं असतं तर एका शब्दात उलगडा झाला असता. पण घरातली गोष्ट बटईदाराला कोण विचारणार? भाटवे आईपुढे मान वर करत नसत. "उन्हाळ्यात सारंच ऊन राह्यते," एवढं बोलून ते एसटी धरायचे.

आणि अशात मी गेलो. मे महिना, माझी सुटी, आमरसाचं जेवण. रविवार होता म्हणून भाटवेही घरी होते. पाटावर बसून मी ती मेंढ्यांची गोष्ट सांगितली, माती कशी कोमट लागली ते हात करून दाखवलं. सासू खांबाला टेकून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "तुम्ही एवढे जमिनीतल्या गरमीचे साहेब, तं तुम्हीच सांगा, भाऊ. इहिरीचं पाणी, तेबी दिस निघायच्या आंधी, ऊन राह्यते का कधी?"

मला काहीच माहीत नव्हतं. हौदाचं, देवाचं, काहीच नाही. पण विचारणाऱ्याचा रोख काय आहे, एवढं तर विचारायचं. तेही केलं नाही. मला कुणीतरी माझ्या विषयातलं विचारलं, याचाच आनंद झाला.

ताई स्वयंपाकघराच्या दाराशी आली. म्हणाली, "बाबू, तू चाल ना एकदा वावरात. दूर नाई. हात घालून पाह्य."

"हिवाळ्यातही ऊन लागतं का ग?" मी विचारलं.

"लागते तं. वाफ दिसते."

मी हसलो. ते हसणं मला आजही आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. म्हटलं, "मावशी, हिवाळ्यात कुठल्याही विहिरीचं पाणी ऊनच लागतं. पाणी आहे तसंच असतं, बाहेरची हवा गार होते. म्हणून हात फसतो. हात म्हणजे काही थर्मामीटर नाही."

"आन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात उलटं. उन्हाळ्यात गार लागलं पाहिजे."

"गारच लागलं पाह्यजे ना?"

"हो. लागलंच पाहिजे." आणि वर शेपूट जोडलं, की आपल्या भागात सगळा काळा दगड, ऊन पाणी इथं कुठून निघणार.

सासू ताईकडे वळली. मान हलवली. "आयकलं? तुहा भाऊच सांगते," एवढंच म्हणाली. भाटव्यांनी ताटातल्या कुरडईचे बारीक तुकडे केले. तेव्हा मला वाटलं, काहीतरी चुकलं आहे इथं. वाटलं हे नक्की. ताईच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं होतं. शेत अर्ध्या तासावर होतं. बाहेर रणरणत होतं, पोटात चार वाट्या रस होता, आणि माझं म्हणणं शास्त्राप्रमाणे बरोबर होतं. ताईनं विचारलं, "रस वाढू का अजून?" मी म्हटलं, वाढ.

एका अनोळखी म्हातारीच्या मेंढ्यांसाठी मी दिवसभर दगडधोंडे तुडवले होते. बहिणीच्या शब्दासाठी मला अर्धा तास चालवलं नाही. साहेब असते तर त्यांनी पान फाडलं असतं.

पुढचं आईच्या पत्रातून कळलं. त्याच महिन्यात धाकट्या दिराचं लग्न झालं, आणि पाण्याचं काम धाकट्या सुनेकडे गेलं. ताईनं पाण्याच्या घडवंचीला हात लावायचा नाही, देवघरात जायचं नाही आणि सासूच्या पेल्यात पाणी ओतायचं नाही. धाकटी गावातल्या विहिरीवरून आणायची. "खारं पाणी पिऊ, पण खोटं पाणी नाई पेणार," असं सासूनं चारचौघींत म्हटलं. घरात भाकरी ताईनं भाजायची, भाजी तिनं करायची, ते सगळं चालायचं. फक्त तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. शेतातल्या विहिरीवर पाण्याला मग घरचं कुणी जाईना, त्यामुळे तिचं खरं आहे हे कळण्याची वाटही बंद झाली.

आईनं लिहिलं होतं, तू एकदा जाऊन समजावून सांग. मी उत्तर पाठवलं की सासवा अशाच असतात, निवळेल हळूहळू. पुढच्या सुटीत गेलो तेव्हा ताईनं गुळाचा चहा केला आणि पाण्याचा तांब्या धाकटीनं आणून ठेवला. ताई चुलीकडे वळली. मी विषय काढला नाही. काढून काय सांगणार होतो? माझं मत तेच होतं. फार तर ती दमली असेल, एखाद्या दिवशी हौदावर वाकली असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. हेही लिहून टाकतो, एवढं सगळं लिहिलंच आहे तर.

ऐंशीनंतर माझी बदली नागपूरला झाली. तिथं काम निराळं, आसपासच्या जिल्ह्यांतल्या जुन्या विहिरी आणि बोअरमधलं तापमान घेऊन नकाशा करायचा. खालची पोरं मोजून आणायची आणि मी टेबलावर तपासायचो. एक दिवस वर्धा जिल्ह्याच्या कागदांत एक आकडा असा दिसला की आजूबाजूच्या सगळ्या विहिरींपेक्षा सात अंशांनी जास्त. मोजणाऱ्यानं घोळ घातला असणार म्हणून मी लाल पेन्सिलीनं त्यावर प्रश्नचिन्ह केलं. मग गावाचं नाव वाचलं. मग शेतमालकाचं नाव. ते ताईच्या सासऱ्यांचं होतं, सातबाऱ्यावर अजून तेच चालत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी जीप घेऊन गेलो. ताईच्या घरी न जाता सरळ शेतात. विहिरीत उतरलो, तळातल्या बोअरमध्ये थर्मामीटर सोडला आणि पायरीवर बसलो. नियमाप्रमाणे जितकं थांबायचं त्याच्या दुप्पट थांबलो. तसं कशालाच थांबायची गरज नव्हती. शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय गेले तेव्हाच कळलं होतं. बटईदार काठावरून ओरडला, "साहेब, हे पाणी असंच हाये. बोअर मारला तवापासून ऊनच येते. बैल बी थंडीत खुशीनं पेतेत." काळ्या दगडाला कुठंतरी खोल भेग असेल, तिच्यातून ते वर येत असेल. वीजबीज निघण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका बाईची लाज राखण्याइतकं मात्र होतं.

मी तसाच ओल्या पायांनी ताईकडे गेलो. सासूला जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी अजून लडाखलाच होतो. ताई एकटीच घरी होती, सुपात तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "ताई, तू खरं सांगत होतीस. विहिरीचं पाणी खालूनच ऊन येतं. आत्ता मोजून आलो."

तिनं सूप थांबवलं नाही. "मले काऊन सांगून राह्यला? मले तं माहीत होतं."

मी बोलत सुटलो. आज भाटवे आले की त्यांना सांगतो, धाकटीला सांगतो, ऑफिसच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहून देतो, वाटलं तर गावात वाचून दाखवतो. माझं चुकलं, मी मूर्ख होतो, मला माफ कर. रडायला आलं मला. चाळिशीला आलेला माणूस मी, तिच्या ओसरीवर उभा राहून रडलो.

ती उठली, सूप भिंतीला लावून ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबू, कोणालेच सांगू नको," ती म्हणाली.

"का?"

"आईचे शेवटचे दिवस होते. पोटात अन्न जाये ना. तोंड कोरडं पडे. धाकटी माहेरी गेलती बाळंतपणाले. पाणी पाजाले मीच. चमचा नेला का ओठ मिटून घे. तुह्या भाटव्यानं नेला तरी तेच, पाणी मी आणलेलं म्हणून. दोन दिस असंच. जीभ सुकून गेली, पण माह्या हातचं घेतलं नाई. म्हातारीले समोर तहानेनं मरू देऊ का मी?" तिनं ओसरीवर सांडलेले तुरीचे दाणे वेचले. "मंग मी तिच्या कानाशी गेली. म्हटलं, आई, चुकली मी. हौदातलंच आणत होती. माफ करा. तवा तिनं तोंड उघडलं. तीन चमचे पेली. हात धरला माहा. हे तिथंच उभे होते, त्याइनं आयकलं. धाकटी आल्यावर तिलेबी समजलं. तवापासून कोणी काही म्हणत नाई. घडवंची माह्याकडंच हाये आता."

मी बाहीनं डोळे पुसले.

"आता तू सांगशीन का मी खरी होती, तं मी मरत्या माणसाशी खोटं बोलली, असं होते. जे दिलं ते तिच्यापासून परत घेतल्यासारखं होते," ती म्हणाली. "राहू दे तसंच. जेवून जाजो."

मी थांबलो. संध्याकाळच्या एसटीनं भाटवे आले. केस पांढरे झाले होते, पण स्वभाव तोच. वाटेत बटईदार भेटला होता, म्हणून त्यांना माझं येणं कळलेलं. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि हसत म्हणाले, "काय साहेब, आमच्या इहिरीत काय निघालं?"

ताई भाकरी वाढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "पोरांनी आकडा चुकीचा लिहिला होता."

"म्हंजे तुम्ही तवा सांगितलं होतं तेच खरं."

मी हो म्हटलं.